वीसची हवा

माणसाला आयुष्यात एकदा तरी आपलं शिक्षण कामी यावं असं वाटतं. त्यात चूक काय आहे? मी लातुरात बावीस वर्षं क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे वाक्य मी आजवर इतक्या पोरांना सांगितलं की त्यातले निम्मे डॉक्टर होऊन आता माझंच ब्लडप्रेशर मोजतात. पण त्या वाक्याचा मला स्वतःला कधी उपयोग झाला नव्हता. तो व्हावा म्हणून मी एकदा, फक्त एकदा, गाडीच्या चार चाकांतली थोडी हवा कमी करायला गेलो. थोडी. सगळी नाही. हे मी आजही लोकांना सांगून राहिलोय, आणि लोक आजही "हाव, हाव" म्हणत मान हलवून दुसरीकडे बघतात.

झालं असं की चांगुणा आत्याचा फोन आला.

"धम्मा, मोजणीची नोटीस आली. शुक्रवारी अकरा वाजता. गाडी घेऊन ये."

आत्या म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. वय चौऱ्याहत्तर. देगलूरपासून नऊ किलोमीटरवर तिचं गाव, आणि गावापासून दोन किलोमीटरवर तिचं तीन एकर रान. आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, त्याच गावात शाळेवर गुरुजी होते. ते जाऊन सहा वर्षं झाली. रानाच्या कडेला, अगदी धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, त्यांनी लावलेलं सीताफळाचं झाड आहे. आत्याचं म्हणणं असं की शेजारचा व्यंकटराव दर नांगरटीला धुरा वीतभर इकडे सरकवतो, आणि असाच सरकत राहिला तर दोन वर्षांत गुरुजींचं झाड त्याच्या रानात जाणार. तिला जमिनीचं एवढं नव्हतं. झाडाचं होतं.

म्हणून तिने मोजणीचा अर्ज केला. त्याला दोन वर्षं झाली. पहिल्या तारखेला मोजणीवाले साहेब निवडणुकीच्या ड्यूटीवर गेले. दुसऱ्या तारखेला नोटिशीत गट नंबरातला एक आकडा फिरला, आणि साहेबांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका भलत्याच माणसाचं रान मोजून दिलं. त्या माणसाने अर्ज केलाच नव्हता, तो आजपर्यंत घाबरलेला आहे. तिसऱ्या तारखेला तूर उभी होती. आता ही चौथी. आणि या नोटिशीत खाली एक ओळ जास्तीची होती, ती आत्याने मला फोनवर एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवली: अर्जदार हजर नसल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल.

"निकाली म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे पुन्हा अर्ज. मंग मी कुठं असीन, अर्ज कुठं असंल."

एवढ्यावरही काही अडलं नसतं. पण नोव्हेंबरात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, मंगळवार-बुधवार असा दोन दिवस पाऊस झोडपून गेला. आत्याच्या रानाला जाणारी पांदण अस्सल काळ्या मातीची. ती भिजली की चपलेसकट पाय धरते आणि पाय सोडला तरी चप्पल सोडत नाही. आत्याच्या गुडघ्यांनी तर घरातल्या उंबऱ्याशीही भांडण काढलेलं. त्या अंगाला ट्रॅक्टर एकच, आणि तो व्यंकटरावचा. "त्याच्या ट्रॅक्टरला पाय लावीन तर गुरुजींचं नाव लावणार न्हाई," असं आत्या भर ग्रामसभेत बोलून बसलेली. राहता राहिली माझी गाडी.

माझी गाडी मी मागच्या वर्षी औशाच्या एका अडत्याकडून जुनी घेतली. दिसायला उंच आहे. जाहिरातीत ती डोंगर चढते. माझ्याकडे आल्यापासून तिने चढलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आमच्या क्लाससमोरचा गतिरोधक. ताकद तिच्या पुढच्या दोनच चाकांना. पण मी अभ्यास केला. मऊ जमिनीवर गाडी न्यायची तर चाकातली हवा कमी करतात, तेहतीसवरून वीसवर आणतात. चाक घट्ट फुगलेलं असलं तर ते जमिनीला जेमतेम टेकतं आणि रुततं. सैल असलं तर पसरून बसतं, भार वाटला जातो, गाडी वरच्यावर निघून जाते. आता हे वाक्य कोणाचं? माझं! बावीस वर्षं मी दुसरं काय सांगत होतो? मला इतका आनंद झाला की गुरुवारी मी अकरावीच्या वर्गाला विषय सोडून पाऊण तास टायर शिकवला.

एकच पथ्य. पक्क्या रस्त्यावर अशा सैल चाकांनी पळायचं नाही, टायर तापून फुटतो. हवा चिखलाच्या तोंडाशी काढायची आणि डांबरीला लागताच भरायची. मला हे माहीत होतं. म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी कॉलनीत नुसती तालीम करायची ठरवली.

तालीम केली ही माझी पहिली चूक. मी पुढच्या चाकाशी हवेचं मीटर घेऊन उकिडवा बसलो आणि मान वर केली तर डोक्यावर रेणुकादास काका. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना एकही विषय वर्ज्य नाही.

"पंक्चर?"

"नाही काका, हवा काढतोय."

"कोणाच्या गाडीतली?"

"माझ्याच."

काकांनी वर खिडकीकडे तोंड करून माझ्या बायकोला हाक मारली, "विशाखा, जरा खाली ये गं." विशाखा आली. मी दोघांना बल, क्षेत्रफळ, सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले, त्यापेक्षा डिक्कीत चार पोती वाळू टाक. चाकांना दोरखंड गुंडाळ. नाहीतर सरळ नायट्रोजन भर. विशाखाने एकच विचारलं, "अहो, पण काडीने दाबायची सोडून पिन का फिरवून राहिलात?" आणि मी उत्तर द्यायच्या आत व्हॉल्व्हची पिन फटकन उडाली ती थेट काकांच्या तुळशीत. तेहतीसची हवा माझ्या तोंडावर मोकळी झाली. गाडी एका बाजूला बसली. पिन शोधायला अख्खी बिल्डिंग खाली उतरली, आणि तेवढ्यात प्रत्येकाला माझं म्हणणं नव्याने सांगावं लागलं. शेवटी कोपऱ्यावरचे पंक्चरवाले बसलिंगप्पा नवी पिन घेऊन आले. त्यांनी चारी चाकांत न विचारता चाळीसची हवा मारली आणि म्हणाले, "सर, तुम्ही शिकवायचं बगा. हवेचं आमच्याकडं राहू द्या." मला फार लागलं ते. हवेचं माझ्याकडे नाही तर कोणाकडे आहे?

शुक्रवारी पहाटे विशाखा आणि मी निघालो. उदगीर ओलांडून, देगलूर मागे टाकून सव्वानऊला आत्याच्या दारात. आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेली. "जय भीम आत्या" म्हटलं, तर ती म्हणाली, "घड्याळ बघ."

मी ठरल्याप्रमाणे आत्याच्या दारासमोरच्या चौकात, पांदण जिथून सुरू होते तिथे गाडी लावली आणि एकेका चाकाशी बसून हवा वीसवर आणली. काडीने. पिन न फिरवता. चार चाकांना पाऊण तास गेला, कारण गावात शहाणी माणसं फार. येणारा प्रत्येक मोटारसायकलवाला वेग कमी करून ओरडत होता, "ओ पाव्हणं, हवा कमी हाय!" मी "माहीत आहे, माहीत आहे" म्हणत होतो. एकाने तर पुढे जाऊन, गाडी वळवून परत येऊन सांगितलं. आपल्याकडे माणूस शेजाऱ्याशी दहा वर्षं बोलणार नाही, पण कोणाच्या चाकात हवा कमी दिसली की त्याला अन्न गोड लागत नाही.

त्या घोळक्यात एकच माणूस शांत उभा होता. धोतर, डोक्याला पांढरा रुमाल, मिशा पिकलेल्या. मी भार कसा पसरतो ते सांगत होतो आणि तो मान हलवत होता. "बराबर हाय," तो म्हणाला. "सर म्हणतेत ते बराबर हाय." मला तो माणूस एकदम आवडला. आत्याला विचारून आलेल्या विशाखाने कानात सांगितलं, "हेच व्यंकटराव." मग मला तो आवडेनासा झाला.

आत्याने चहाशिवाय सोडलं नाही. चहा पिऊन बाहेर येतो तर मागची दोन चाकं टणटणीत! आत्याचं रान बटईने, निम्म्या वाट्याने करणारा मल्लेश पायपंप हातात घेऊन घामाने निथळत उभा.

"मल्लेश, हे काय केलंस?"

"सर, मागची दोन्ही बसली होती. पुढची बी भरून राहिलोय. तुमी बसा निवांत."

त्याच्यावर ओरडावं तरी कसं? एवढा घाम माझ्यासाठी गाळलेला. मी पुन्हा बसलो, पुन्हा काडी, पुन्हा वीस. दहा पंचवीस झाले. तेवढ्यात मोजणीवाल्या साहेबांचा फोन: मी फाट्यावर उतरलोय, माझ्याजवळ मशीन आहे, चिखलातून येणार नाही, मला घ्यायला या. फाटा डांबरीवर, अर्धा किलोमीटर. वीसच्या हवेने डांबरीवर गाडी? माझं पथ्य! म्हणून मी, लातूरचा फिजिक्सचा मास्तर, दारात चारचाकी उभी असताना साहेबांना आणायला पायी गेलो, आणि त्यांची तिपाई खांद्यावर टाकून पायी आलो. साहेब वाटेत दोनदा म्हणाले, "गाडी आहे म्हणाला होतात." मी दोनदा कारण सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही.

आलो, आणि बघतो तर माझी गाडी चांगली चार बोटं उंच झालेली. चारी चाकं टम्म. शेजारी व्यंकटराव, ट्रॅक्टरच्या चाकासाठी ठेवलेल्या कॉम्प्रेसरची नळी गुंडाळत होते.

"पाव्हण्याची गाडी हाय," ते म्हणाले. "हवा कमी होती. चाळीस मारली. बरं दिसत न्हाई ना."

या माणसाने सगळं ऐकलं होतं! मान हलवली होती! "बराबर हाय" म्हणाला होता! मी मीटर शोधायला खिशात हात घातला तर मीटर फाट्याच्या वाटेवर कुठेतरी पडलेलं. साहेब म्हणाले, "अकराला पाच कमी आहेत. साडेबाराला माझी दुसऱ्या गावी मोजणी आहे. निघायचं, की मी शेरा लिहू?" आत्या आधीच पुढच्या सीटवर बसून दार ओढून घेत होती. "चल रे," ती म्हणाली. "तुझी हवा तिकडं बघू."

निघालो. पहिली दोनशे पावलं गाडी गेली, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे ओढ्याच्या अलीकडे उतार आहे. तिथे गाडीने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे पाहिलं आणि पोटावर बसली. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, काळा गारा खिडकीच्या काचांपर्यंत उडाला. मी उतरलो. म्हटलं, अजूनही हवा काढली तर काही होईल. पण कुठली काढतो? व्हॉल्व्ह चिखलाच्या खाली! वाकलो तर माझी चप्पल राहिली आत आणि मी बाहेर.

साहेबांनी मागच्या सीटवर बसल्या बसल्या पेन उघडलं. "रस्त्याअभावी मोजणी होऊ शकली नाही, असं लिहितो. तुमची काही चूक धरत नाही." विशाखा म्हणाली, "साहेब, दहा मिनिटं थांबा." साहेब म्हणाले, "ताई, मला दिवसाला दोन करायच्या असतात." आणि हे चालू असताना पुढचं दार उघडलं आणि आत्या खाली उतरली.

अनवाणी. लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलेलं, कागदांची पिशवी डोक्यावर. "आत्या, काय करताय?" मी ओरडलो. एक पाऊल, मग दुसरं, मग थांबून गुडघा धरून तिसरं. गारा तिला सोडत नव्हता आणि ती गाऱ्याला सोडत नव्हती. मला लाज वाटली हो. बावीस वर्षांची सगळी विद्या चिखलात रुतली होती आणि चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी पायी निघाली होती. मी धावलो, तिला धरलं, तर माझ्याच हाताला हिसडा देऊन म्हणाली, "साहेबाला सांग, अर्जदार हजर हाय!"

मागे ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. व्यंकटराव आमच्या मागोमाग पांदणीच्या तोंडापर्यंत आलेच होते. ते गाडीला वळसा घालून बांधाबांधाने पुढे आले, ट्रॅक्टर थांबवला आणि खाली उतरले.

"काकू, बसा ट्रॅक्टरवर."

"न्हाई बसणार."

"मंग गाडीत बसा. मी ओढतो."

आत्याने विचार केला. शपथ ट्रॅक्टरला पाय न लावायची होती, दोराची नव्हती. ती परत आली, मी आणि विशाखाने तिला उचलून सीटवर बसवलं. व्यंकटरावांनी दोर बांधला. मी नुसतं स्टिअरिंग धरून बसलो, बाकी गाडी, अर्जदार, सरकार आणि माझी अब्रू यांना विरुद्ध पार्टीच्या ट्रॅक्टरने ओढत रानापर्यंत नेलं. मला कोणीतरी समजावून सांगा, ज्याची जमीन जाणार तोच माणूस मोजणीवाल्याला ओढून का नेईल?

साहेबांनी तिपाई उभी केली, मशीन लावलं, काठी घेऊन धुऱ्याच्या या टोकाहून त्या टोकाला गेले. अर्धा तास गेला. आत्या सीताफळाच्या बुंध्याला हात लावून उभी होती. मग साहेब नकाशा बघत आले.

"आजी, धुरा सरकलेला आहे खरा."

"मी काय म्हणत होते!" आत्या म्हणाली.

"पण तुमच्याकडून. हद्द इथून पाच फूट आत येते, तुमच्या बाजूला. हे झाड त्यांच्या गटात आहे. पहिल्यापासूनच."

आत्याचा हात बुंध्यावर तसाच राहिला. मी साहेबांना म्हटलं, "पुन्हा मोजा." साहेबांनी पुन्हा मोजलं. पाच फूट दोन इंच निघालं, म्हणजे मी आणखी दोन इंच घालवले.

व्यंकटराव डोक्याचा रुमाल काढून उभे होते. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"हाव."

"कधीपासून?"

"माझ्या बापाला ठाऊक होतं. गुरुजींनी हे झाड लावलं तवा बाप म्हणला, गुरुजींनी आपल्या येंकटाला दोनदा बसवून चौथी पास केलं, त्यांचं झाड असू द्या. झाडालाच धरून गुरुजींनी धुरा घातला. त्यांना बी म्हाईत नव्हतं." ते आत्याकडे वळले. "काकू, मी चार-चार वेळा म्हणलो तुमाला, मोजू नका. तुमी म्हणल्या, चोर म्हणतोय मोजू नका."

आत्या खाली बसली. तिथेच, झाडाखाली, ओल्या मातीत. विशाखा तिच्याजवळ जाऊन बसली.

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. "म्हणजे," मी म्हटलं, "तुम्ही ती हवा..."

"सर," व्यंकटराव म्हणाले, "तीस वर्सं ट्रॅक्टर चालवून राहिलोय. चिखलात हवा कमी लागते हे मला म्हाईत नसंल व्हय? वीसची राहिली असती तर तुमी पोचले असते. म्हणून चाळीस मारली. वाटलं, रुतंल, साहेब जाईल, काकूंचं झाड काकूंकडं राहील." त्यांनी आत्याकडे पाहिलं. "पण ह्या उतरल्या खाली. गुडघे असे. मंग काय करता."

अख्ख्या जिल्ह्यात माझा सिद्धांत एकाच माणसाला पटला होता, आणि त्याने तो माझ्याविरुद्ध वापरला होता.

साहेबांनी विचारलं, खुणा रोवायच्या का. व्यंकटराव म्हणाले, राहू द्या, धुरा हाय तिथं बरा हाय. पण आत्या उठली. डोळे पुसले, पदर सारखा केला. "रोवा," ती म्हणाली. "गुरुजींची बायको दुसऱ्याच्या पाच फुटात राहात न्हाई." मग व्यंकटरावांना म्हणाली, "झाड तुझं हाय आता. तोड, न्हाईतर ठेव. सावलीला मी येत जाईन. पांदणीतून तूच आणायचं."

"ट्रॅक्टरवर?"

"मंग काय सरांच्या गाडीवर?"

निघताना व्यंकटराव माझ्या गाडीशी उकिडवे बसले आणि बाभळीच्या काट्याने, मीटर न लावता, नुसतं चाक दाबून बघत, चारी चाकांतली हवा काढली. "आता जावा." आणि गाडी गेली हो! ओढ्याच्या उतारावरून, त्याच गाऱ्यातून, एकदाही न अडखळता, जाहिरातीत जाते तशी गेली. मी मागे वळून पाहिलं. बघायला कोणी नव्हतं. साहेब मागून आलेल्या मल्लेशच्या मोटारसायकलवर बांधाबांधाने केव्हाच गेले होते. विशाखा हातांवरचा चिखल पुसत होती. आत्या डोळे मिटून बसली होती.

चौकात डांबरी लागली. हवा भरायची होती, म्हणून मी सावकाश चालवत होतो. समोरून एक मोटारसायकलवाला आला, वेग कमी केला आणि बोट दाखवून ओरडला, "ओ पाव्हणं, हवा कमी हाय!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याने काच खाली केली आणि अर्धी बाहेर वाकून त्याच्यावर ओरडली,

"ठाऊक हाय रे बाबा! माझ्या भाच्याला सगळं ठाऊक हाय! जा तू!"